अवरक्त प्रकाश आणि दीर्घिकांची शिरगणती

उत्पत्तीच्या पुस्तकांत अब्राहामास आकाशांतील तारे मोजून पाहण्यास सांगितल्याची कथा आपल्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्या काळीं तारे मोजणें हें अशक्य गोष्टीचें उदाहरण होतें. पुढें मनुष्यानें दुर्बीण केली, छायाचित्रण शोधून काढलें, आणि तारेच काय, पण ताऱ्यांच्या वसाहती ज्यांना म्हणतां येईल त्या दीर्घिकाही तो मोजूं लागला. परंतु शिरगणती म्हणजे केवळ संख्या नव्हे. जनगणनेचा अधिकारी नासिक जिल्ह्यांत माणसें किती, एवढेंच विचारून थांबत नाहीं. वस्ती कोठें दाट आहे, कोठें विरळ आहे, आणि तशी कां आहे, हें कळलें म्हणजेच त्या गणनेस अर्थ येतो. विश्वाच्या बाबतींत हाच प्रश्न ज्योतिःशास्त्रज्ञांनीं विचारला. त्याचें उत्तर देण्यास डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचें साह्य कसें झालें, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील विद्वानांचा वांटा काय, हें या लेखांत पाहूं.

दीर्घिका म्हणजे काय

आपला सूर्य हा आकाशगंगा नांवाच्या एका प्रचंड तारकासमुदायांतील एक सामान्य तारा आहे. या समुदायांत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. अशा प्रत्येक समुदायास दीर्घिका म्हणतात. मार्गशीर्षांतील निरभ्र रात्रीं, गांवाच्या दिव्यांपासून दूर शेतांत उभें राहिलें, तर देवयानी तारकासमूहांत धुरकट ठिपक्यासारखी एक वस्तु नुसत्या डोळ्यांनीं दिसते. ती आपल्या शेजारची मोठी दीर्घिका होय. तिचें अंतर सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वीं तेथून निघालेला असतो. १९२३ सालीं एडविन हबल यांनीं माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीनें तिच्यांतील एका विशिष्ट प्रकारच्या ताऱ्याचा अभ्यास केला, आणि ही वस्तु आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे हें सिद्ध केलें. तेव्हांपासून विश्वाचा नकाशा काढतांना तारा हा नव्हे, तर दीर्घिका हा मोजण्याचा घटक झाला.

धुळीची आडकाठी

मालेगांवच्या उन्हाळ्यांत वावटळ उठली म्हणजे गिरणेपलीकडचे डोंगर दिसेनासे होतात, आणि मावळता सूर्य तांबूस दिसतो, हें आपण नेहमीं पाहतों. धुळीचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात व तांबडा कमी. म्हणून जो प्रकाश आपणांपर्यंत पोंचतो, त्यांत तांबडा अधिक उरतो. आकाशगंगेच्या पातळींतही अशी धूळ पसरलेली आहे. तिचे कण इतके बारीक आहेत कीं, डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशास ते मोठा अडथळा करितात. आकाशगंगेच्या मध्यभागाकडून निघालेल्या दृश्य प्रकाशापैकीं लाख कोटींत एखादाच अंश आपणांकडे येतो. त्यामुळें आकाशाचा सुमारें पांचवा हिस्सा जुन्या दृश्य-प्रकाशाच्या नकाशांत जवळजवळ कोराच राहिला होता. तेथें दीर्घिका नव्हत्या असें नाहीं. पडद्यामागें त्या झांकल्या गेल्या होत्या.

या अडचणीवरचा उपाय तांबड्याच्याही पलीकडे आहे. १८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्याच्या निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेविले. तांबड्या रंगाच्या बाहेर, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथेंही पारा चढला. हे अदृश्य उष्ण किरण म्हणजेच अवरक्त किरण. त्यांची तरंगलांबी मोठी असल्यामुळें धूळ त्यांना फारशी अडवीत नाहीं. दोन मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशांत पाहिलें तर आकाशगंगेच्या मध्यभागाकडून निघालेल्या प्रकाशाचा दहांत-विसांत एक तरी अंश आपणांस मिळतो. लाख कोटींत एक कोठें, आणि विसांत एक कोठें! शिवाय धूळ स्वतः ताऱ्यांच्या प्रकाशानें किंचित् तापते आणि याहूनही लांब तरंगांचे अवरक्त किरण फेंकते. म्हणून दूरच्या दीर्घिकेंतील जी धूळ दृश्य प्रकाशांत अडसर होती, तीच येथें दिवा होऊन चमकते.

पण या किरणांनीं पाहणें सोपें नाहीं. प्रत्येक उबदार वस्तु, आपलें शरीरसुद्धां, अवरक्त किरण फेंकीत असते. दुर्बीण उबदार असेल तर ती स्वतःच्याच तेजानें आंधळी होते. जणूं कोणी पेटलेल्या कंदिलाचीच दुर्बीण करून तारे शोधावयास निघावें! हवेंतील पाण्याची वाफही पुष्कळशा अवरक्त किरणांना गिळून टाकते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं एक मीटर व्यासाच्या आरशाची अवरक्त दुर्बीण हैदराबादेहून मोठ्या फुग्यांनीं हवेच्या दाट थरांच्या वर चढविली, आणि तारे जेथें जन्मतात त्या धुळीच्या मेघांचा अभ्यास केला. संपूर्ण आकाश पाहावयाचें, तर मात्र फुग्याच्याही वर, पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या उपग्रहावर दुर्बीण ठेवणें अवश्य होतें.

आकाशाची पाहणी

हें काम प्रथम जानेवारी १९८३ मध्यें सोडलेल्या ‘आयरास’ नांवाच्या उपग्रहानें केलें. अमेरिका, नेदरलंड व ब्रिटन या तीन देशांनीं तो मिळून सिद्ध केला होता. त्याचा आरसा अवघा ५७ सेंटिमीटरचा. परंतु द्रवरूप हेलियमच्या योगानें ती दुर्बीण निरपेक्ष शून्याहून दोनतीन अंशच वर, इतकी थंड ठेविलेली होती. दहा महिन्यांत हेलियम संपलें आणि दुर्बीण निकामी झाली. पण तेवढ्या अवधींत आकाशाचा ९६ टक्के भाग तिनें १२, २५, ६० व १०० मायक्रॉन अशा चार तरंगलांब्यांवर पाहून सुमारें अडीच लाख बिंदूंची यादी दिली होती. त्यांतील हजारों बिंदु म्हणजे दूरच्या दीर्घिका होत्या.

पुढें १९९७ ते २००१ या काळांत अ‍ॅरिझोना व चिली येथील १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनीं जमिनीवरूनच, दोन मायक्रॉनच्या आसपास, संपूर्ण आकाश पाहिलें. ‘टूमास’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या पाहणींत सुमारें ४७ कोटी बिंदुरूप वस्तूंची व सुमारें १६ लाख विस्तृत वस्तूंची नोंद झाली. या विस्तृत वस्तूंत बहुसंख्य दीर्घिकाच आहेत. डिसेंबर २००९ मध्यें सोडलेल्या ‘वाइज’ उपग्रहानें चार अवरक्त तरंगलांब्यांवर आकाश पुन्हां तपासलें. मार्च २०२५ मध्यें सोडलेल्या ‘स्फिअरेक्स’ या दुर्बिणीचा आरसा तर अवघा वीस सेंटिमीटरचा आहे. पण १०२ रंगांत आकाश पाहून सुमारें ४५ कोटी दीर्घिकांची मोजदाद करण्याचा तिचा संकल्प आहे.

दाटी मोजावयाची कशी

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. दीर्घिका घोळक्यांनीं राहतात, असें नुसतें म्हणणें म्हणजे शास्त्र नव्हे. किती घोळक्यांनीं, हें संख्येनें सांगतां आलें पाहिजे. त्याची युक्ति घरींच करून पाहतां येते.

एका मोठ्या कागदावर दहा आडव्या व दहा उभ्या रांगांत शंभर चौकोन आंखावे, आणि ज्वारीचे शंभर दाणे एकेक करून, न पाहतां, त्यावर टाकावे. प्रत्येक चौकोनांत सरासरी एक दाणा येणार. परंतु प्रत्येकांत बरोबर एकच दाणा पडेल, असें मात्र नाहीं. संभाव्यतेच्या गणितानें सुमारें ३७ चौकोन रिकामे राहतात. ३७ चौकोनांत एक, १८ चौकोनांत दोन, ६ चौकोनांत तीन, व दोहोंत चार दाणे सांपडतात. आतां प्रत्येक चौकोनांतील संख्या सरासरीहून किती दूर आहे तें पाहून त्या अंतराचा वर्ग करावा, आणि या शंभर वर्गांची सरासरी काढावी. ती जवळजवळ एक येते. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, केवळ योगायोगानें पडलेले दाणेही थोडेफार गोळा झालेले दिसतात. म्हणून डोळ्यांस घोळका दिसला कीं त्यामागें कांहीं कारण असलेंच पाहिजे, असें एकदम मानणें धोक्याचें आहे.

आतां तेच शंभर दाणे पांच-पांचांचे वीस पुंजके गुळाच्या पाकानें चिकटवून टाकावे. सरासरी अद्यापि एकच. पण या खेपेस सुमारें ८२ चौकोन रिकामे राहतील, १६ चौकोनांत पांच-पांच दाणे पडतील, व दोन चौकोनांत दहा-दहा. पूर्वींप्रमाणें वर्गांची सरासरी काढली तर ती पांच येते. योगायोगाचा वांटा एक. वरचे चार हें खऱ्या चिकटण्याचें माप. दीर्घिकांच्या बाबतींतही शास्त्रज्ञ आकाशाच्या चौकोनाऐवजीं अवकाशाचे ठोकळे कल्पून नेमकें हेंच करितात. दुसरी रीत अशी कीं, एका दीर्घिकेपासून ठराविक अंतरावर दुसरी दीर्घिका सांपडण्याचा संभव योगायोगाहून किती पटींनीं अधिक आहे, हें जोड्या मोजून काढावयाचें. साधारण दीर्घिका घेतल्या, तर एकमेकींपासून सुमारें सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांवर हा संभव योगायोगाच्या दुप्पट होतो. जों जों अंतर कमी, तों तों तो झपाट्यानें वाढतो.

अर्थात् ठोकळे कल्पावयाचे तर दीर्घिकेची दिशाच नव्हे, तर अंतरही पाहिजे. तें ताम्रसृतीनें मिळतें. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटांतील रेषा तांबड्या टोंकाकडे सरकलेल्या दिसतात. जवळच्या विश्वांत दर दहा लाख प्रकाशवर्षांमागें दूर जाण्याचा वेग सेकंदास सुमारें २१ ते २२ किलोमीटरांनीं वाढतो. म्हणून रेषा किती सरकल्या हें मोजलें कीं वेग कळतो, व वेगावरून अंतर. यांतही एक फसगत आहे. दाट समूहांतील दीर्घिका एकमेकींभोंवतीं वेगानें फिरत असतात. त्या वेगाची भर पडून समूह आपल्या दिशेनें लांबट झालेला दिसतो. अशा लांबट आकृत्या नकाशांत जणूं आपणांकडेच रोखलेल्या दिसतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना ‘ईश्वराची बोटें’ असें कौतुकानें म्हणतात. खरा आकार काढावयाचा तर हीं बोटें गणितानें आंखडून घ्यावीं लागतात.

दोन सावधगिऱ्या

रात्रीं चांदवडच्या डोंगरावरून खालीं पाहिलें, तर जवळच्या वाडींतली पणतीही दिसते, पण दूरच्या गांवांतले मोठे दिवेच तेवढे दिसतात. त्यावरून दूरच्या गांवांत पणत्याच नाहींत, असें कोणी म्हणेल काय? दुर्बिणीसही दूरवरच्या फक्त तेजस्वी दीर्घिका दिसतात. म्हणून अंतर वाढतां वाढतां किती दीर्घिका नजरेंतून सुटल्या असतील याचा हिशेब करून मगच दाटी मोजावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मालेगांवांतील माग मोजून कोणी शहराची वस्ती ठरविली, तर विणकरांचे मोहल्ले दाट दिसतील. आणि ज्या गल्ल्यांत व्यापारी व नोकरदार राहतात, त्या ओसाड ठरतील. आयरासला धुळीनें भरलेल्या, नवे तारे जन्मास घालणाऱ्या दीर्घिका उत्तम दिसल्या. परंतु दाट समूहांच्या गाभ्यांत ज्या लंबगोल दीर्घिका असतात, त्यांत धूळ थोडी. त्या तिला फारशा दिसल्या नाहींत. म्हणून आयरासच्या दीर्घिकांची दाटी इतर पाहण्यांतील दाटीपेक्षां कमी भरते. टूमासला मात्र जुन्या ताऱ्यांचा प्रकाश दिसतो, त्यामुळें लंबगोल दीर्घिकाही तिच्या नजरेंतून सुटत नाहींत. मापन करणाऱ्यानें ‘मी काय पाहिलें’ याबरोबरच ‘मला काय दिसूं शकत नव्हतें’ हेंही नोंदविलें पाहिजे, हा धडा शास्त्राबाहेरही उपयोगी आहे.

मोजमापानें काय उलगडलें

या मोजदादीवर केवढा मोठा प्रश्न अवलंबून होता, हें १९९१ सालीं दिसून आलें. आयरासच्या यादींतील दर सहा दीर्घिकांमागें एक निवडून, अशा दोन हजारांहून अधिक दीर्घिकांची अंतरें ब्रिटन व कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं मोजलीं. त्या काळीं मान्यता पावलेल्या सिद्धांताप्रमाणें, सुमारें दहा कोटी प्रकाशवर्षें व त्याहून मोठ्या अंतरावर विश्व बरेंच सपाट असावयास पाहिजे होतें. पण विल सॉन्डर्स व त्यांचे सहकारी यांनीं ठोकळ्यांतील संख्या मोजल्या, तेव्हां चढउतार अपेक्षेहून अधिक निघाले. आवडता सिद्धांत आहे तसा टिकेना. पुढें १९९८ सालीं दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या अभ्यासावरून विश्वाचें प्रसरण वेग घेत असल्याचें कळलें. विश्वांत द्रव्य, दृश्य व अदृश्य मिळून, सुमारें तीस टक्केच असून बाकीचा वांटा एका अज्ञात ऊर्जेचा आहे, असें मानलें म्हणजे त्या चढउतारांचाही मेळ बसतो. सिद्धांत कितीही सुंदर असो, मोजलेल्या संख्येपुढें त्यास वांकावें लागतें.

आणखी एक उदाहरण घेऊं. विश्वांत सर्वत्र पसरलेल्या आदिम सूक्ष्मतरंगांच्या निरीक्षणांवरून आपली आकाशगंगा व तिचे शेजारी मिळून सेकंदास सुमारें ६२० किलोमीटर वेगानें एका दिशेकडे ओढले जात आहेत, असें दिसतें. ओढतो कोण? १९८६ सालीं आयरासच्या दीर्घिका ज्या बाजूस अधिक आहेत ती दिशा काढली असतां, ती या ओढीच्या दिशेच्या जवळपासच निघाली. दृश्य प्रकाशांतील पाहण्यांत धुळीनें आकाशाचा मोठा पट्टा झांकल्यामुळें असा ताळा पाहणें दुष्कर होतें. २००० सालीं आयरासच्या सुमारें १५,००० दीर्घिकांची अंतरांसह यादी प्रसिद्ध झाली, आणि २०१२ सालीं टूमासच्या सुमारें ४३,५०० दीर्घिकांची. आपल्या शेजारच्या विश्वाचे हे आजवरचे अत्यंत भरंवशाचे नकाशे होत.

पुण्याचा वांटा

दीर्घिका दाटीनें राहतात हें ठरलें. पण त्या दाटीचा आकार कोणता? लाडवासारखा गोळा, भाकरीसारखा चपटा, कीं सुतळीसारखा लांब? १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे, पहिले संचालक आपले कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर हे होते. तेथील वरुण साहनी यांनीं १९९८ सालीं बी. एस. सत्यप्रकाश व सेर्गेई शांडारिन यांच्यासह या प्रश्नावर एक सुरेख युक्ति काढली. आकृतीचें घनफळ, पृष्ठफळ व पृष्ठाची एकूण वक्रता या राशींपासून त्यांनीं जाडी, रुंदी व लांबी अशीं तीन मापें बनविलीं. घनफळाच्या तिपटीस पृष्ठफळानें भागिलें म्हणजे जाडी मिळते, आणि पृष्ठफळास वक्रतेच्या मापानें भागिलें म्हणजे रुंदी. तिन्हीं मापें सारखीं आलीं तर लाडू. जाडीच तेवढी अगदीं कमी असेल तर भाकरी. आणि लांबीच तेवढी फार असेल तर सुतळी! २००१ सालीं याच मापांनीं आयरासच्या दीर्घिकांचे महासमूह तपासण्यांत आले, तेव्हां सुतळीसारखे आकार प्रामुख्यानें आढळले. विश्व हें जणूं एक विरळ विणीचें वस्त्र आहे. धाग्यांवर दीर्घिका, गांठींवर त्यांचे समूह, आणि मधल्या भोंकांत जवळजवळ शून्य. विणकर ज्याप्रमाणें इंचांत ताण्याचे व बाण्याचे धागे किती हें मोजून कापडाचा पोत सांगतो, त्याप्रमाणें ज्योतिषी विश्वाचा पोत सांगतो.

जुलै २०१७ मध्यें आयुकेंतील जयदीप बागची, सोमक रायचौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मीन तारकासमूहाच्या दिशेस एक प्रचंड महासमूह शोधल्याचें जाहीर केलें, व त्यास ‘सरस्वती’ हें नांव दिलें. हा शोध अवरक्त नव्हे, तर दृश्य प्रकाशांतील पाहणीवरून लागला. परंतु रीत तीच, म्हणजे दिशा व ताम्रसृती यांवरून दाटी हुडकण्याची. सरस्वती आपणांपासून सुमारें ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तिचा विस्तार सुमारें ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे, आणि तिच्यांत निदान ४३ दीर्घिकासमूह आहेत. तिचा जो प्रकाश आज आपण पाहतों तो निघाला, तेव्हां पृथ्वी अगदीं बाल्यावस्थेंत होती.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ५७ सेंटिमीटरच्या आरशानें, दहा महिन्यांच्या आयुष्यांत, विश्वाविषयींच्या एका मोठ्या मताची फेरतपासणी करावयास लाविली. यंत्राच्या आकाराहून मापनाची निष्ठा अधिक मोलाची ठरली. टूमासच्या व आयरासच्या याद्या आज कोणासही विनामूल्य पाहतां येतात, मालेगांवच्या विद्यार्थ्यासही. पुण्यास जाण्याचा योग आला, तर आयुकेच्या आवारांत मुलांकरितां उघडलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका अवश्य पाहावी. आणि तोंवर शंभर चौकोनांचा कागद व ज्वारीचे शंभर दाणे घेऊन वरील प्रयोग करण्यास कोणतीच आडकाठी नाहीं. ज्यानें दाणे प्रामाणिकपणें मोजले, आणि आलेली संख्या मनाजोगी नसली तरी तशीच वहींत लिहिली, त्यानें तारे मोजण्याच्या विद्येचा पहिला धडा घेतला, असें खुशाल समजावें.